मोझार्टची फ्लूटविषयीची नावड आणि ते अडाज्जो

मोझार्टला फ्लूट सहन होत नसे, म्हणून त्याची फ्लूट क्वार्टेट्स (फ्लूट आणि तीन तंतुवाद्यांसाठीच्या रचना) उरकून टाकल्यासारखी वाटतात, असं काहीजण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. हे वाद्य सहन होत नाही, हे त्याचं वाक्य फेब्रुवारी १७७८ मध्ये जर्मनीतल्या मॅनहाइमहून वडिलांना लिहिलेल्या पत्रातलं आहे. द-झाँ नावाच्या हौशी वादकाने सांगितलेलं फ्लूटच्या रचनांचं काम अर्धवट राहिलेलं, २०० गुल्डेन (तेव्हाचं चलन) ठरलेले असताना हाती ९६च पडलेले. वडिलांपुढे काहीतरी सबब द्यायलाच हवी होती की!

त्यातलं डी मेजर या स्वरसप्तकातलं क्वार्टेट, के. २८५ (मोझार्टच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक), ऐका, विशेषतः मधलं अडाज्जो, म्हणजे संथ भाग. व्हायोलिन, व्हायोला, चेलो तिघंही गज बाजूला ठेवून बोटांनी तारा छेडतात आणि वर फ्लूट एकटाच बी मायनर या उदास सप्तकात गात राहतो. जेमतेम अडीच-तीन मिनिटं. मग ते नीट संपतही नाही, थेट रोंडोत, म्हणजे शेवटच्या भागात, शिरतं.

शक्य असेल तर त्या काळच्या एका चावीच्या लाकडी फ्लूटवरचं रेकॉर्डिंग शोधा. त्यावर बी मायनरमध्ये लागणारा ए शार्प हा स्वर आडव्या बोटांनी, म्हणजे मधलं एक भोक उघडं ठेवून त्याखालची झाकून, काढावा लागतो, त्यामुळे तो जरा दबका, झाकोळलेला येतो. आधुनिक चांदीच्या फ्लूटवर सगळे स्वर सारखेच लख्ख. मला तरी त्यात मजा नाही.