बेलफास्टहून उत्तर किनारा आणि किल्ले : खासगी गाडीने एका दिवसात काय पाहावे, काय सोडावे?

मुलुंडपूर्व

नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या उत्तरार्धात आम्ही चौघे उत्तर आयर्लंडला जात आहोत. लेक बेलफास्टमध्ये शिकत असल्यामुळे तिथे पोहोचल्यावर आम्ही पाच जण होऊ. सासरे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे असून उमेदीच्या काळात त्यांनी सह्याद्रीतले शंभरावर किल्ले पायांखाली घातले आहेत. ‘तिकडचे किल्ले दाखवणार असाल तरच येतो’ ही त्यांची अट आहे. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांनी मात्र गेली तीन वर्षे असहकार पुकारला आहे.

लेकीने तिथल्या एका व्यावसायिकाकडून खासगी गाडी आणि चालक-मार्गदर्शक असा दिवसभराचा कार्यक्रम मागवला. दहा तासांत कॅरिकफर्गस किल्ला, अँट्रिमच्या दऱ्या, कुशेंडन, कॅरिक-अ-रीडचा दोरांचा पूल, बॅलिंटॉय बंदर, डनसेव्हरिक, जायंट्स कॉजवे, डनलूस किल्ला आणि परतताना डार्क हेजेस अशी नऊ ठिकाणे त्यात आहेत. कागदावर हे सारे भरगच्च दिसते. परंतु अष्टविनायकाची दोन दिवसांची बसयात्रा मी केलेली आहे आणि त्यातले चार गणपती मला आजही एकमेकांपासून वेगळे आठवत नाहीत. खासगी गाडीचे पैसे मोजूनही तेच होणार असेल, तर सरळ सहलीच्या बसने जाणे काय वाईट, असा प्रश्न मनात येतो. यातले काय ठेवावे, काय गाळावे आणि सासूबाईंना नेमके कुठे उतरवावे, हे तिकडे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे. पुढे दोन दिवस डब्लिनलाही जाण्याचा विचार आहे, त्यासाठी वेगळा व्हिसा लागतो का, हेही कळल्यास बरे होईल.

खाडीपल्याड

आम्ही हा किनारा दोनदा पाहिला आहे आणि दोन्ही वेळा वेगळ्या पद्धतीने, त्यामुळे थोडे अधिकाराने लिहितो.

पहिल्या खेपेस डब्लिनहून सहलीच्या बसने गेलो होतो. डब्लिनहून कॉजवे गाठायला रस्त्याने तीन तासांहून अधिक लागतात, म्हणजे दिवसातले सहा-सात तास खिडकीतच जातात. त्यात आमच्या सहलीवाल्याने वाटेत एका दुकानापाशी ‘वीस मिनिटे’ म्हणून पाऊण तास काढला आणि मग त्याची भरपाई डनलूस किल्ल्यावर केली. किल्ला आम्ही बसच्या काचेतून पाहिला. पत्नी अजूनही तो किल्ला मला ‘तुमचा काचेतला’ म्हणून सुनावते.

दुसऱ्या खेपेस बेलफास्टहून खासगी गाडी घेतली. माझे मत असे, की खासगी गाडीचे पैसे आपण आरामासाठी मोजत नाही, क्रम बदलण्याच्या मुभेसाठी मोजतो. बेलफास्टहून निघणाऱ्या बहुतेक बसगाड्या सकाळी किनाऱ्याच्या रस्त्याने वर सरकत जातात आणि दुपारी सगळ्याच एकदम कॉजवेवर ओततात. आपल्याला आलेला कार्यक्रमही त्याच साच्यातला आहे. तो उलटा फिरवून घ्यावा. सकाळी लवकर आतल्या महामार्गाने थेट कॉजवे गाठावे. अंतर शंभर किलोमीटरच्या आतबाहेर असून सव्वा ते दीड तास पुरतो. तिथून आठ-नऊ किलोमीटरवर डनलूस आहे. ते आटोपून मागे वळावे, बॅलिंटॉयच्या छोट्या बंदरावर थांबावे आणि दुपारनंतर किनाऱ्याच्या रस्त्याने दक्षिणेकडे परतावे. याचा आणखी एक फायदा असा, की तिथेही वाहने डावीकडूनच चालतात, त्यामुळे परतताना समुद्र आपल्याच बाजूला येतो आणि मध्ये समोरून येणारी वाहने आडवी येत नाहीत. सासूबाईंना डाव्या खिडकीशी बसवावे. हा रस्ता 1832 ते 1842 या काळात विल्यम बाल्ड नावाच्या स्कॉटिश अभियंत्याने बांधला. त्याने वरचे कडे सुरुंगाने खाली पाडले आणि त्याच दगडांवर पाण्याच्या कडेने रस्ता टाकला. लार्नकडे उतरताना ते डोळ्यांना दिसते. टॉर हेडची वाट मात्र मागू नये. ती अरुंद आहे, चढउतार तीव्र आहेत आणि मागच्या आसनावर पोट ढवळते.

कॅरिकफर्गस या दिवसातून काढूनच टाकावा. तो बेलफास्टहून लार्नच्या गाडीने जेमतेम अर्ध्या तासावर आहे आणि स्थानकापासून पायी जाता येतो. त्यासाठी भाड्याच्या गाडीचा तास जाळण्यात अर्थ नाही, दुसऱ्या दिवशी सासऱ्यांना आगगाडीने घेऊन जावे. डार्क हेजेस म्हणजे अठराव्या शतकात लावलेल्या बीच वृक्षांची कमान. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या दूरचित्रवाणी मालिकेत दिसल्यामुळे तिथे इतकी गर्दी होते, की झाडांपेक्षा छायाचित्रे काढणारेच अधिक दिसतात. त्या रस्त्यावर वाहनांना मनाई असल्यामुळे तिथेही चालावे लागते. मी असतो तर गाळले असते.

व्यावसायिकाला दोन गोष्टी लेखी विचाराव्यात. दर माणशी आहे की गाडीमागे, आणि प्रवेशशुल्क त्यात धरले आहे की नाही. गाडीमागे दर असेल तर पाच जणांत तो बराच सुसह्य होतो.

गिल्बर्टहिलच्या सावलीत

वरील क्रमाशी सहमत आहे, परंतु कॉजवेला सकाळचे किमान अडीच तास द्यावेत, अशी भर घालतो. मी अंधेरीत राहतो आणि शाळेत भूगोल शिकवत असे, त्यामुळे या दगडांविषयी थोडे सविस्तर लिहिले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

जायंट्स कॉजवेवर बेसाल्टचे सुमारे 40,000 स्तंभ आहेत आणि 1986 पासून ते जागतिक वारसा यादीत आहेत. साधारण सहा कोटी वर्षांपूर्वी तिथे लाव्हा पसरला आणि खोलगट भागात साचून सावकाश थिजला. थिजताना तो आकसला, आकसताना तडकला, आणि तडे थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात आत आत शिरत गेले. ताण सर्व दिशांनी सारखा मोकळा व्हायचा तर तड्यांनी एकमेकांना 120 अंशांत भेटणे सोयीचे असते, म्हणून बहुतेक स्तंभ षट्कोनी झाले. पाच आणि सात बाजूंचेही पुष्कळ आहेत आणि नातवंडे बरोबर असतील तर ते शोधण्यात तास सहज जातो. हे स्तंभ सलग नाहीत, त्यांना आडवे सांधेही आहेत. त्यामुळे काहींचा माथा वाटीसारखा खोलगट आहे, तर काहींचा उपड्या वाटीसारखा. पावसानंतर त्या खोलगट माथ्यांत पाणी साचते. सकाळी लवकर गेल्यास अशा शेकडो वाट्या आभाळ धरून बसलेल्या दिसतात. दुपारपर्यंत बुटांनी त्यांचा चिखल होतो.

आता मुंबईकरांसाठी मुद्दा. आमच्या घरामागचा गिल्बर्ट हिल म्हणजे याच जातीचा दगड आहे. सुमारे 60 मीटर उंच, वय साधारण साडेसहा कोटी वर्षे, आणि त्याच्या उभ्या कड्यावर तेच स्तंभ आहेत. आपण त्याच्या पायथ्याशी झोपड्या आणि इमारती चढवल्या आणि माथ्यावर गावदेवी सांभाळली; तिकडे त्यांनी फिन मॅककूल नावाचा राक्षस सांभाळला, ज्याने स्कॉटलंडच्या प्रतिस्पर्ध्याशी लढायला समुद्रातून ही वाट बांधली म्हणतात. स्कॉटलंडच्या स्टाफा बेटावर असेच स्तंभ आहेत, तेव्हा कथाकाराने भूगोल नीट पाहिला होता, असे म्हणायला हरकत नाही. निघण्यापूर्वी एका रविवारी सासऱ्यांना घेऊन अंधेरीस यावे, म्हणजे तिथे जे पाहायचे त्याची तोंडओळख होईल.

सासूबाईंविषयी सांगायचे तर, अभ्यागत केंद्रापासून दगडांपर्यंत सुमारे एक किलोमीटरची उतरती डांबरी वाट आहे आणि तिथे थोड्या भाड्यात ने-आण करणारी छोटी बस मिळते. खाली उतरल्यावर त्यांनी दगडांवर न चढता कडेला बसले तरी सारे समोर दिसते. पाण्याजवळचे काळे दगड शेवाळामुळे निसरडे असतात. तिथे कोणीच जाऊ नये, सासऱ्यांनीही नाही. शेफर्ड्स स्टेप्स या 162 पायऱ्यांच्या वाटेने वर येण्याचा त्यांचा आग्रह असेल, तर वेळ पाहून ठरवावे.

एक विनंती आहे. तिथे लोक फटींमध्ये नाणी ठोकून ठेवतात. ती गंजतात, फुगतात आणि दगडाचे कपचे उडवतात, त्यामुळे ही जागा सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला ती काढत बसावे लागते. वसईच्या खाडीवरून लोकल जाताना नाणे टाकायची सवय असलेल्या आपल्या लोकांचा हात तिथे आपोआप खिशाकडे जातो. माझाही गेला होता.

गिरगावची गढी

सासऱ्यांची अट आहे म्हणून किल्ल्यांविषयी लिहिते. त्यांना आधीच एक कल्पना द्यावी. आपल्या मनात किल्ला म्हटला की तट, बुरूज, माची, बालेकिल्ला असे चित्र असते. रायगड, विजयदुर्ग पाहिलेल्या माणसाला डनलूस आकाराने लहान वाटेल. माझ्या मते त्याला ‘गढी’ म्हणावे. एका सरदार घराण्याचा तटबंद वाडा समुद्रातल्या कड्यावर बसवलेला, आणि कडा जमिनीपासून एका खोल घळीने तोडलेला. घळीवरच्या पुलावरून आत जावे लागते. खालून समुद्राची गुहा त्याच कड्यात शिरते. जागेची ही निवड मात्र आपल्या कोणत्याही दुर्गबांधणीकाराला पटली असती.

1500 च्या आसपास मॅक्विलन घराण्याने तो बांधला आणि पुढे त्याच शतकात मॅकडॉनेल घराण्याने बळकावला. 1588 च्या ऑक्टोबरमध्ये स्पॅनिश आरमारातील हिरोना हे जहाज कॉजवेजवळच्या लाकाडा टोकावर फुटले. इतर बुडालेल्या जहाजांची माणसेही त्याच्यावर होती. सुमारे 1,300 जणांपैकी मोजकेच वाचले. त्याच्या तोफा मॅकडॉनेलांनी डनलूसला आणल्या. उरलेला ऐवज समुद्राखाली राहिला तो 1967 पर्यंत, जेव्हा बेल्जियन पाणबुड्या रोबेर स्तेनुईने तो शोधून काढला. त्यातला माणके जडवलेला सोन्याचा छोटासा पंखधारी सरडा बेलफास्टच्या उल्स्टर म्युझियममध्ये आहे आणि तिथे प्रवेश विनामूल्य आहे. आधी तो सरडा पाहावा आणि मग डनलूसच्या तटावरून उत्तरपूर्वेकडचा किनारा पाहावा, असा माझा आग्रह आहे. मी उलट केले आणि चुकले. किल्ल्यावर उभी असताना तो समुद्र मला नुसता देखणा वाटला.

मार्गदर्शक तुम्हाला हमखास सांगेल, की 1639 मध्ये वादळी रात्री स्वयंपाकघर नोकरांसह समुद्रात कोसळले. गोष्ट छान रंगते, परंतु पडलेली उत्तरेकडची भिंत अठराव्या शतकातल्या चित्रांमध्ये उभी दिसते, त्यामुळे ती मीठमसाला लावलेली आहे असे समजूनच ऐकावी. त्यापेक्षा किल्ल्याबाहेरच्या शेतात गाडल्या गेलेल्या गावाविषयी विचारावे. सतराव्या शतकाच्या आरंभी वसवलेले आणि 1641 च्या बंडात जळलेले हे गाव उत्खननात फरसबंद रस्त्यांसह सापडले आहे. मार्गदर्शक त्यावर दहा मिनिटे बोलू शकला, तर तुमचे पैसे वसूल झाले असे समजावे. आरक्षण करताना तो ‘ब्लू बॅज’ ही तिथल्या मार्गदर्शकांची परीक्षा उत्तीर्ण आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये.

आत उंचसखल जमीन आणि पायऱ्या असल्यामुळे सासूबाईंना त्रास होईल. पोर्टरशच्या दिशेला मॅगराक्रॉस नावाची निरीक्षणाची जागा आहे. गाडी उभी करून तिथून किल्ला आणि चुनखडीचे पांढरे कडे दोन्ही दिसतात. डनसेव्हरिकला आता दोन भिंतीच उरल्या आहेत, तो जाता जाता पाहावा. कॅरिकफर्गस मात्र स्वतंत्र दिवशी अवश्य करावा. 1177 मध्ये नॉर्मन सरदार जॉन डी कूर्सीने सुरू केलेला हा किल्ला 1928 पर्यंत लष्कराच्या ताब्यात होता, म्हणूनच तो इतका धड उभा आहे.

पासपोर्टपाकीट

व्हिसापुरते लिहितो. बेलफास्ट युनायटेड किंग्डममध्ये येते, डब्लिन वेगळ्या देशात. सीमेवर नाका नसला तरी परवानगी दोन्हीकडची लागते. भारतीयांसाठी ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना आहे; व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ (या योजनेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे) अशी नोंद असेल तर एकाच व्हिसावर दोन्हीकडे जाता येते, मात्र ज्या देशाने व्हिसा दिला तिथे आधी उतरावे लागते. नोंद आहे की नाही, हे व्हिसा मिळताच पाहावे. बेलफास्टमध्ये पौंड आणि डब्लिनमध्ये युरो, हेही लक्षात असू द्यावे.

मुलुंडपूर्व

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री हा सारा मजकूर सासऱ्यांना वाचून दाखवला. ‘गढी’ हा शब्द ऐकून ते प्रथम नाराज झाले, मग घळीवरच्या पुलाचा उल्लेख आल्यावर उठून बसले आणि ‘पूल पूर्वी उचलता येत होता का, ते विचार’ म्हणाले. लेकीने व्यावसायिकाला नवा क्रम कळवला आहे : कॉजवे, डनलूस, बॅलिंटॉय आणि किनाऱ्याच्या रस्त्याने परत. कॅरिकफर्गस दुसऱ्या दिवशी आगगाडीने, आणि उल्स्टर म्युझियम आदल्या दिवशी. त्याचे उत्तर आले, की हा क्रम त्यालाही सोयीचा आहे, बहुतेक लोक सारेच मागतात म्हणून तो तसे छापतो.

दोरांच्या पुलाचा तेवढा निर्णय राहिला आहे. लेकीला तो हवाच आहे.

खाडीपल्याड

लेकीची इच्छा मोडू नका. पूल वीस मीटर लांब आणि पाण्यापासून तीस मीटर उंच आहे. सामन मासे धरणाऱ्या कोळ्यांनी 1755 मध्ये तिथे पहिला पूल टांगला. तिकिटे ठरावीक वेळेची असतात, ती आधी ऑनलाइन काढावीत आणि वेळ दुपारी दोननंतरची घ्यावी, म्हणजे बॅलिंटॉयला लागूनच होईल. वारा जोराचा असला तर पूल बंद ठेवतात, तेव्हा त्याच्या भरवशावर बाकी दिवस बांधू नये. वाहनतळापासून पुलापर्यंत सुमारे एक किलोमीटर चालणे आणि शेवटी उभ्या पायऱ्या आहेत. सासूबाईंनी तेवढा वेळ बॅलिंटॉय बंदरावरच्या उपाहारगृहात बसावे. भाज्यांचे सूप आणि गव्हाचा जाडसर पाव मिळतो. सूप कोंबडीच्या पाण्यात शिजवले आहे का, ते आधी विचारून घ्यावे. आमच्या आईने तिथे पर्समधली लसणाची चटणी काढून त्या पावाला लावली होती आणि शेजारच्या टेबलावरच्या आजीबाईंनीही मागून घेतली.

गिरगावची गढी

सासऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर : आजचा पूल पक्का आहे, परंतु पूर्वी घळीवर उचलता येणारा पूल होता असे तिथे सांगतात. प्रवेशद्वाराच्या कमानीपाशी त्यांना थोडा वेळ एकटे सोडावे, खुणा ते स्वतःच शोधतील.