मदत हवी आहे: एकाच नव्या प्रकारच्या विमानांचे दोन अपघात झाल्यावर उड्डाणबंदी कशाच्या आधारे ठरवावी?

सर्व जाणकारांना नमस्कार.

मी शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीच्या गुणवत्ता विभागात काम करतो. कोल्हापूर परिसरातील आम्ही काही अभियंते अधूनमधून एकत्र बसून एखाद्या गाजलेल्या तांत्रिक अपघाताची चिकित्सा करतो आणि या खेपेस बोईंग ७३७ मॅक्सचे प्रकरण मांडण्याचे काम माझ्याकडे आले आहे. घटनाक्रम बऱ्यापैकी जुळवून झाला आहे. मी अडलो आहे तो निर्णयाच्या निकषापाशी, आणि त्यासाठीच आपली मदत हवी आहे.

२९ ऑक्टोबर २०१८ रोजी लायन एअरचे विमान जकार्ताहून निघाल्यानंतर थोड्याच वेळात जावा समुद्रात कोसळले आणि १८९ जण दगावले. १० मार्च २०१९ रोजी इथिओपियन एअरलाइन्सचे विमान आदिस अबाबाहून नैरोबीला निघाले आणि सहा मिनिटांत जमिनीवर आदळले. त्यात १५७ जण गेले. दोन्ही ठिकाणी एमकॅस ही प्रणाली कारणीभूत ठरली. विमानाचे नाक प्रमाणाबाहेर वर गेले आहे असा संकेत मिळाला की ही प्रणाली शेपटीचा आडवा पंख फिरवून नाक आपोआप खाली आणत असे. समोरून येणाऱ्या हवेशी विमानाचा कोन मोजणारे दोन सेन्सर विमानावर असूनही ती एका वेळी त्यांपैकी एकाच्याच आकड्यावर चाले. लायन एअरच्या विमानात बदलून बसवलेला सेन्सर सुमारे २१ अंश चुकीचे मोजमाप देत होता. कॅप्टनने वीसहून अधिक वेळा नाक सावरले आणि दर वेळी प्रणालीने ते पुन्हा खाली ढकलले. त्या वैमानिकांच्या हाती असलेल्या पुस्तिकेत या प्रणालीचे वर्णनच नव्हते.

माझ्या दृष्टीने खरा विषय आहे तो या दोन अपघातांमधील जवळजवळ साडेचार महिन्यांचा. ७ नोव्हेंबर २०१८ रोजी अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने तातडीचा आदेश काढला. त्याचा आशय असा की, नाक आपोआप खाली जाऊ लागल्यास ठरलेल्या पद्धतीने स्टॅबिलायझरच्या (शेपटीच्या त्याच आडव्या पंखाच्या) मोटरचा वीजपुरवठा तोडावा. त्याच प्रशासनाच्या डिसेंबरमधील अंतर्गत मूल्यमापनात, दुरुस्ती न झाल्यास या ताफ्याच्या संपूर्ण आयुष्यात सुमारे १५ प्राणघातक अपघात होऊ शकतील असा अंदाज निघाला होता. तरीही विमाने उडत राहिली, कारण आदेश पाळला गेला की नवे सॉफ्टवेअर येईपर्यंत निभावून जाईल असे धरले गेले. इथिओपियाच्या वैमानिकांनी तो वीजपुरवठा खरोखरच तोडला. परंतु विमानाचा वेग इतका वाढला होता की हाताने चाक फिरवून पंख पूर्ववत करणे त्यांना जमले नाही, आणि पुरवठा पुन्हा सुरू होताच प्रणालीने नाक परत खाली नेले. म्हणजे कागदावरचा उपाय अमलात आला आणि तरीही विमान वाचले नाही.

दुसऱ्या अपघातानंतर चीनने दुसऱ्याच दिवशी, ११ मार्चला, उड्डाणे थांबवली. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या दिवशी कॅप्टनला ७३७ विमानांचा किमान १,००० तासांचा अनुभव हवा अशी अट घातली आणि १२ मार्चला थेट बंदी आणली. युरोपनेही १२ तारखेलाच थांबवले. अमेरिका मात्र बंदीला आधार नाही असे सांगत राहिली आणि उपग्रहावरून मिळालेला उड्डाणमार्ग लायन एअरच्या मार्गाशी जुळतो असे दिसल्यावर १३ मार्चला थांबली.

आमच्या धंद्यात दोन वेगवेगळ्या ग्राहकांकडून एकाच जागी तडा गेलेले कास्टिंग परत आले, तर कारण सापडण्यापूर्वीच त्या लॉटची डिस्पॅच थांबवतात. भट्टीवाला, कोअरवाला आणि मशिनवाला यांचा वाद नंतर यथासांग चालतो. महिनाअखेरीस ‘अजून सिद्ध कुठे झाले आहे’ असे विचारणारा माणूस प्रत्येक कारखान्यात असतो, आणि बहुधा त्याच्याच हातात लक्ष्याचा कागद असतो. त्यामुळे माझा कल बंदीकडे आहे, हे लपवत नाही.

तरीही विरुद्ध बाजूची उदाहरणे मला सहज बाजूला सारता येत नाहीत. १४ फेब्रुवारी १९९० रोजी इंडियन एअरलाइन्सचे एअरबस ए३२० विमान बंगळूरला उतरताना कोसळले आणि ९२ जण मृत्युमुखी पडले. विमान भारतात नवे होते आणि संगणकावर चालणाऱ्या विमानाबद्दल संशयही मोठा होता, म्हणून सरकारने सगळी ए३२० थांबवली. चौकशीत मुख्य ठपका वैमानिकांवर आला आणि आज त्याच कुळातील विमानांवर देशाची बरीचशी हवाई वाहतूक चालते. १९७९ मध्ये शिकागोच्या अपघातानंतर डीसी-१० जातीची विमाने सुमारे पाच आठवडे बंद ठेवली गेली. त्या अपघाताचे मूळ निघाले इंजिन उतरवण्याच्या चुकीच्या देखभाल पद्धतीत.

तर माझे विचारणे असे. पुरावा कोणी द्यायचा, विमान धोकादायक आहे असे म्हणणाऱ्याने की सुरक्षित आहे असे म्हणणाऱ्याने? आणि सरसकट बंदी न घालता केवळ निर्बंध पुरेसे आहेत, हे कोणत्या परिस्थितीत मानता येईल? या दुसऱ्या प्रश्नाचे एखादे चांगले उदाहरण कोणी सुचवले तर फार उपकार होतील.

प्रतिसाद १

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उदाहरण उजळाईवाडीच्या, म्हणजे कोल्हापूर विमानतळाच्या, धावपट्टीवरच मिळेल. तिथे येणाऱ्या एटीआर ७२ जातीचे एक विमान ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेत इंडियाना राज्यातील रोझलॉनजवळ कोसळले होते आणि ६८ जण गेले होते. पंखाच्या पुढच्या कडेवर बर्फ फोडणाऱ्या रबरी पट्ट्या असतात. त्या दिवशी मोठ्या थेंबांचे पाणी त्या पट्ट्यांच्या मागे जाऊन गोठले आणि तिथे बर्फाचा बांध तयार होऊन विमान अचानक एका बाजूला लोळले. त्यावर त्या डिसेंबरमध्ये अमेरिकेने सगळी एटीआर जमिनीवर बसवली नाहीत, तर बर्फ धरणाऱ्या हवेत त्यांना मनाई केली. पुढे पट्ट्या रुंद झाल्या आणि मनाई सैल झाली.

हे निर्बंध चालले, कारण यंत्रणा कळली होती आणि धोक्याची परिस्थिती आधी ओळखून टाळता येत होती. मॅक्सच्या बाबतीत सेन्सर कोणत्या उड्डाणात बिघडेल हे कोणालाच आधी कळणार नव्हते. टाळायचे म्हणजे उडायचेच नाही. आपल्या महासंचालनालयाची १,००० तासांची अट मला याच कारणाने अपुरी वाटते, कारण ती बिघडलेल्या भागाला हात न लावता माणसावर भार टाकते.

पहिल्या प्रश्नासाठी कॉमेट या ब्रिटिश जेट प्रवासी विमानाचे उदाहरण घ्यावे. १० जानेवारी १९५४ रोजी एल्बा बेटाजवळ कॉमेट कोसळल्यावर उड्डाणे थांबवली होती. कारण सापडले नव्हते, तरी शक्य वाटेल तिथे सुधारणा करून २३ मार्चला ती पुन्हा सुरू केली. ८ एप्रिलला दुसरे विमान नेपल्सजवळ समुद्रात पडले आणि २१ जण गेले. धातूचा थकवा हे कारण पुढे फार्नबरो येथे विमानाचे संपूर्ण धड पाण्याच्या टाकीत ठेवून, आतील दाब पुन्हा पुन्हा वाढवून व उतरवून पाहिल्यावर उघड झाले. त्यामुळे बंदी घालण्यासाठी कारण सिद्ध होण्याची वाट पाहू नये, परंतु बंदी उठवण्यासाठी ते सिद्ध झालेच पाहिजे, असे माझे मत आहे.

प्रतिसाद २

एक व्यावहारिक मुद्दा सांगतो. विमाने बंद झाली की काही प्रवासी महामार्गावरून रात्रीच्या बसने जातात आणि रस्त्यावरचा धोका कितीतरी अधिक असतो, हे आपल्या मांडणीत यायला हवे.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. रस्त्याचा मुद्दा सगळी विमाने बंद झाली असती तर मी जसाच्या तसा मान्य केला असता. मार्च २०१९ मध्ये जगभर साडेतीनशेहून अधिक मॅक्स थांबली, पण त्याच मार्गांवर जुनी ७३७ आणि ए३२० उडतच होती. म्हणून तो मी दुय्यम ठेवतो.

एटीआर आणि कॉमेट यांमुळे माझी अडचण बरीचशी सुटली. अमेरिकेने मॅक्सला नोव्हेंबर २०२० मध्ये परवानगी दिली आणि ती देताना दोन्ही सेन्सरची तुलना करणारे सॉफ्टवेअर व वैमानिकांचे नवे प्रशिक्षण बंधनकारक केले; भारताने ऑगस्ट २०२१ पर्यंत थांबून परवानगी दिली. प्रमाणीकरणाची बरीच कामे निर्मात्याच्याच कर्मचाऱ्यांकडे सोपवली होती हा भाग मी वेगळा मांडणार आहे. त्या पद्धतीत पुढे नेमके काय बदलले, याची माहिती कोणी याच धाग्यात दिल्यास तीही वापरता येईल.