पोरांच्या हातात पार्टीचं बजेट दिलं की ती शहाणी होतात म्हणे!

शाईचा_डाग
दोन दिवसांपूर्वी एकीची पोस्ट वाचली. सारांश असा: सुट्टीत नातेवाइकांना घरी बोलवा, कमी खर्चातली पार्टी ठरवा, ठरलेली रक्कम पोरांच्या हाती द्या, याद्या त्यांनाच करू द्या. झालं पैशाचं शिक्षण, तेही फुकटात. खाली बदामांचा पाऊस. तिथे लिहिलं असतं तर भांडण झालं असतं, म्हणून इथे लिहितेय.

आम्ही हे केलंय. लेक ९ वर्षांची, माणसं १४. तीन पाकिटं केली: खाणंपिणं, सजावट, खेळ. पहिल्याच दुपारी सजावटीचं पाकीट रिकामं आणि खेळाचं अर्धं, कारण दिव्यांच्या माळेवर 'एकावर एक' होतं (फुकट नव्हे, अर्ध्या किमतीत). दुसरी माळ लावायला खोलीत प्लगच शिल्लक नव्हता. मी मनात म्हटलं, बरं झालं, आता कळेल. संध्याकाळी नवऱ्यानं खेळाच्या पाकिटात गुपचूप नोटा सरकवल्या. "पोरीचा हिरमोड नको गं."

काय शिकली ती? पाकिटाला तळ नसतो, एवढंच. ज्या घरात खरंच ओढाताण असते तिथलं पोर असल्या नाटकाशिवाय शिकतं. आपण खोटी टंचाई उभी करायची, आणि ती संध्याकाळपर्यंतही टिकवता येऊ नये!

हिशोबी_बोका
म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. नोटा नवऱ्यानं सरकवल्या, शिव्या पद्धतीला.

आमचं हे तिसरं वर्ष, मुलगा आता ११ चा. पहिल्या वर्षी पाहुणे १३ आणि ताटल्यांच्या पाकिटात नग १०. पठ्ठ्यानं एकच पाकीट आणलं. का, तर "तिघं उशिरा येतात, तोवर धुऊन घेऊ." कागदी ताटल्या! त्यातली एक नळाखाली धरल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आम्ही कोणीही दुकानात पळालो नाही. तिघांनी डब्याच्या झाकणात खाल्लं. दुसऱ्या वर्षी तो दुकानातच किंमत भागिले नग करत उभा राहिला, आणि मोठं पाकीट दर नगाला महाग निघालं. हे मला चाळिशीपर्यंत सुचलं नव्हतं.

चौथा_माळा
'कमी खर्चातली' हा शब्द वाचला की माझं डोकं फिरतं. खर्च कमी होतो कशानं? केटररचे पैसे वाचतात, कारण आई आदल्या रात्री दीड वाजेपर्यंत ओट्याशी उभी असते. पोराच्या यादीत फुगे आहेत, ताटल्या आहेत, बक्षिसं आहेत. आईचे अकरा तास कुठल्या पाकिटात? मजुरी शून्य धरली की काहीही स्वस्तच दिसतं. आधी हे शिकवा, माळांचं नंतर बघू. मी तर सरळ दर लावलेत. खुर्च्या मांडल्या, इतके. भांडी घासली, इतके. पोरांनाही मिळतात आणि मलाही त्याच पाकिटातून मिळतात.

अर्धविराम
पहिल्या अर्ध्याला +१. दुसऱ्या अर्ध्यात मोठा खड्डा आहे.

इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या १० पाळणाघरांचा अभ्यास ग्नीझी आणि रुस्तिचिनी या अर्थतज्ज्ञांनी २००० साली छापला. पोरांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना त्यातल्या ६ ठिकाणी दंड लावून पाहिला. उशीर कमी होणं दूरच, जवळपास दुप्पट झाला, आणि दंड काढल्यावरही खाली आला नाही. आधी ओशाळून येणारा बाप आता पैसे मोजून निवांत येऊ लागला. १९७३ मधला लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा प्रयोगही बघा: चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या पोरांना आधीच बक्षीस कबूल केलं, तर नंतर ती इतरांच्या निम्माच वेळ चित्रांपाशी बसली. घरच्या कामाला दर लावलात तर उद्या प्रत्येक काम विकत घ्यावं लागेल.

चौथा_माळा
'आवडणाऱ्या' पोरांना, हे तुम्हीच लिहिलंय. भांडी घासायला आवडणारं पोर कुठे दिसलं तर कळवा, दत्तक घेते. ओशाळण्याचं म्हणाल, तर आमच्याकडे ते खातं फक्त बायकांकडे होतं. दर लावल्यापासून दोन्ही मुलगे पाटावरून उठून थेट मोरीकडे जातात. तुमच्या संशोधकांना म्हणावं, जरा इकडे येऊन ओटा पुसा.

गप्प_बसवेना
कडू लागेल, पण तुम्ही घरात मजूर तयार करताय. आमच्या भाचीला असाच दर लावून दिला होता. रात्री तिनं वहीचा कागद आणून ठेवला:
खुर्च्या उचलल्या – १२
ग्लास भरले – ४०
थोरल्या काकांशी बोलले – २ तास
शेवटच्या ओळीखाली दोन रेघा, आणि दर सगळ्यात जास्त. काका शेजारीच बसले होते.

चौथा_माळा
दोन तास काकांचं ऐकणं ही अवजड मजुरीच आहे, दर रास्त आहे. आणि 'मजूर' हा शब्द शिवीसारखा वापरू नका. माझे वडील मजूर होते, आणि घरातला सगळ्यात चोख हिशोब त्यांचाच असायचा. शब्द मागे घ्या.

गप्प_बसवेना
शब्द मागे. मुद्दा जागेवर.

हिशोबी_बोका
अहो, धागा पार्टीचा आहे! आमच्याकडे खरी अडचण भेटवस्तूंची. चिठ्ठ्या टाकतो, एकानं एकालाच द्यायचं, कमाल रक्कम ठरलेली. मुलानं त्या रकमेत बसवायला आठवडाभर डोकं लढवलं, आणि एक आत्या चौपट महागाची वस्तू घेऊन हजर. "नियम काय, पोरांसाठी असतात." पोर दिवसभर घुम्यासारखं बसलं होतं.

अर्धविराम
भेटीच बंद करा. वॉल्डफोगेल या अर्थतज्ज्ञानं १९९३ मध्ये विद्यार्थ्यांना विचारून हिशोब मांडला होता: मिळालेल्या भेटींचं घेणाऱ्याच्या लेखी मोल, देणाऱ्यानं मोजलेल्या किमतीपेक्षा १० टक्के ते एक तृतीयांशानं कमी.

शाईचा_डाग
आणि त्यानं 'भावनिक किंमत सोडून सांगा' असं विचारलं होतं, ते गाळलंत. मीठ सोडून चव सांगा!

अर्धविराम
गाळलं, मान्य. पण मग तुमच्याच तक्रारीवर एक सांगतो, हे तरी घ्या. सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये २८ लहान मुलांवर मार्शमेलोचा प्रयोग (समोरची एक गोळी लगेच खा, किंवा न खाता थांबलात तर दोन) वेगळा करून पाहिला. आधी मोठ्या माणसानं चित्रकलेचं छान सामान आणायचं कबूल केलं. निम्म्यांना आणून दिलं, निम्म्यांपुढे हात हलवत परत आला. ज्यांना दिलं ती मुलं नंतर सरासरी १२ मिनिटं थांबली, ज्यांना फसवलं ती ३. तुमच्या लेकीला पाकिटाचा तळ दिसला नाही, कारण तळ आहे असं सांगणारी माणसंच शब्दाला जागली नाहीत. तुमचे यजमान आणि बोक्याची आत्या एकाच माळेचे मणी.

शाईचा_डाग
माळेचं नाव काढू नका, दुसरी अजून खोक्यातच आहे.

बरं. म्हणजे नवऱ्याला आधी शिकवायचं, मग पोरीला. पोस्टवालीनं एवढी एक ओळ टाकली असती तर माझा शनिवार वाचला असता. पुढच्या सुट्टीत पाकिटं चिकटपट्टीनं बंद करून त्यावर नवऱ्याची सही घेते. पण टंचाई खोटी आहे हे माझं म्हणणं कायम, त्यावर कोणीच बोललेलं नाही. आणि चौथा_माळा, अकरा तासांचं चौथं पाकीट करतेय. बोक्यानंही करावं. त्याच्या कौतुकाच्या तीन वर्षांत ओट्यापाशी कोण होतं ते त्यानं सांगितलेलंच नाही.

हिशोबी_बोका
…बायको. नोंद घेतली.

चौथा_माळा
बाकी सोडा. भाचीला ते दोन तासांचे पैसे दिलेत का?

गप्प_बसवेना
निम्मे. काकांचं म्हणणं, दुसऱ्या तासाला ती नुसतीच मान हलवत होती.