'स्पोरलोस' आणि 'द व्हॅनिशिंग' : नायकाला वाचवायलाच हवे होते का?

जुना प्रोजेक्टर : जॉर्ज स्लाउझर यांनी १९८८चा आपलाच डच चित्रपट 'स्पोरलोस' १९९३मध्ये अमेरिकेत 'द व्हॅनिशिंग' म्हणून पुन्हा काढला आणि नायकाला वाचवून मूळची चूक सुधारली, असे काल येथे कोणीतरी लिहिले. रात्रभर मला ते टोचत राहिले. मूळ चित्रपटात पेट्रोल पंपावरून नाहीशा झालेल्या मैत्रिणीचे, सास्कियाचे, काय झाले हे कळावे म्हणून नायक रेक्स तीन वर्षे झुरतो आणि अखेरीस, मारेकऱ्याने दिलेली कॉफी गुंगीची आहे हे ठाऊक असूनही, ती पितो. जिवंत पुरलेल्या शवपेटीत जागा होतो तेव्हा त्याला उत्तर मिळालेले असते : तिचेही हेच झाले. सास्किया स्वप्नात ज्यात कोंडली जाई, ते सोनेरी अंडे हेच. त्याला उकरून बाहेर काढले, तर त्या उत्तराची किंमत कोणी मोजली?

अर्धविराम : किंमत मोजली म्हणजेच कलाकृती थोर, हे गणित मला मान्य नाही. मूळ चित्रपटात रेक्सची नवी मैत्रीण लिनेके कंटाळून निघून जाते आणि कथा तिला विसरते. अमेरिकी आवृत्तीतली रीटा शोध घेते, डोके लढवते आणि त्याला जिवंत बाहेर काढते. शिवाय हा बदल परक्या कोणी लादलेला नाही, दिग्दर्शक तोच आहे.

बिनतिकीट : दोन्ही शेवट फोडल्याबद्दल आपणा दोघांचे आभार. रविवारी पाहणार होतो.

जुना प्रोजेक्टर : पस्तीस वर्षांहून जुना चित्रपट आहे, महाशय. दिग्दर्शक तोच असल्याने तर अधिक वाईट वाटते. मूळ चित्रपटातला मारेकरी, बेर्नार-पिएर दोनादिय यांचा रेमों, हा रसायनशास्त्राचा शिक्षक आणि कुटुंबवत्सल बाप आहे. तो स्वतःवर क्लोरोफॉर्म वापरून किती वेळ शुद्ध हरपते हे मोजतो, आणि तो आपल्या शेजारी राहू शकतो म्हणूनच भीती वाटते. अमेरिकी आवृत्तीतले मारेकरी जेफ ब्रिजेस पहिल्या दृश्यापासून विचित्र वागतात, म्हणून आपण निर्धास्त होतो. शेवटी तर सुटलेले दोघे कॉफीला नकार देतात, एवढाच विनोद उरतो.

आणखी एक सांगतो. १९९१मध्ये पंढरपूरहून परतताना माझे थोरले काका कुर्डुवाडीला चहा आणायला गाडीतून उतरले, ते आजतागायत परतले नाहीत. काकूंनी मंगळसूत्र काढले नाही आणि श्राद्धही होऊ दिले नाही. न कळणे म्हणजे काय असते, हे मला पडद्यावरून शिकावे लागले नाही.

अर्धविराम : आपल्या घरच्या दुःखापुढे मी काय बोलणार? परंतु वाद हरू लागला की घरातले माणूस पुढे करायचे, ही येथली जुनी रीत आहे. आता विचारतोच : काकूंनी ती कॉफी घेतली असती का?

बिनतिकीट : हे फार झाले. शब्द मागे घ्या.

अर्धविराम : सूर चुकला, हे मान्य. प्रश्न मागे घेत नाही. आणि कॉफीचा तो विनोद बाष्कळ आहे, हेही घ्या पदरात.

जुना प्रोजेक्टर : नसती घेतली. सात वर्षांनी एका बेवारस मृतदेहाची ओळख पटवण्यासाठी बोलावणे आले, तेव्हा काकू उंबऱ्याबाहेर पडल्या नाहीत. माझे वडील गेले. ते काका नव्हते. वडील परतल्यावरही काकूंनी काही विचारले नाही आणि वडिलांनीही आपणहून सांगितले नाही. म्हणून रेक्स माझ्या ओळखीतल्या कोणासारखाच नाही, हे मी कबूल करतो. पण एवढ्याने आपली रीटा खरी ठरत नाही.