मदत हवी आहे: इंदूर सोडून रत्नागिरीला कायमचं राहायला जावं का?

नमस्कार मंडळी. निवृत्तीनंतर रत्नागिरीत घर घ्यायचं यांच्या मनात आहे. समुद्र, ताजी मासळी, चारी बाजूंनी मराठी शेजार, हे मलाही हवंय. पण सासूबाईंना दमा आहे आणि जन्म माळव्याच्या कोरड्या हवेत गेलेला. तिकडे पाऊस इंदूरच्या तिपटीहून जास्त. खाऱ्या वाऱ्याने ग्रिल, फ्रिज, एसी लवकर गंजतात. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोलीकडच्या घरांची छपरं उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, तेही डोक्यातून जात नाही.

दमट हवेत दमा वाढतो का? जांभ्याचं जुनं घर घ्यावं की फ्लॅट? किनाऱ्यापासून किती आत? आधी एक पूर्ण पावसाळा भाड्याने काढावा असं माझं मत. बारा महिने तिकडे राहणाऱ्यांनी कृपया स्पष्ट सांगा.