गावाकडच्या कुत्र्यांचं काय?
भटक्या कुत्र्यांवरच्या या चर्चेत बऱ्याच जणांचा सूर असा की सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ ला दिल्ली परिसरातली कुत्री पकडून कायमची निवाऱ्यात ठेवण्याचा आधीचा आदेश बदलला, नसबंदी आणि लस करून कुत्री होती तिथेच सोडायला सांगितली, म्हणजे प्रश्न मिटला. शहरापुरतं असेल. आमच्या जुन्नरकडच्या वस्तीवर नसबंदीची गाडी मी तरी पाहिली नाही.

इथे कुत्री कमी करतो तो बिबट्या. अकोले तालुक्यात त्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला होता. खाण्यात वजनाने कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के निघाला; शेळ्या कितीतरी जास्त असूनही ११च! धनगरांच्या वाड्यावरची कुत्री बघा, गळ्यात टोकं बाहेर काढलेला खिळ्यांचा पट्टा असतो, कारण बिबट्या आधी नरडं धरतो. आमच्या वाघ्यालाही तसाच केलाय. रात्री तो उसाकडे तोंड करून गुरगुरायला लागला की आई मोटर चालू करायला कुणाला जाऊ देत नाही.

लसीसाठी मात्र त्याला दुचाकीवर मांडीत धरून तालुक्याला न्यावं लागतं (त्याला गाडीची भयंकर हौस, ही त्यातली जमेची बाजू). ग्रामपंचायतीने जत्रेआधी गावातच एक दिवस लसीकरण ठेवलं तरी पुष्कळ होईल. कुणाच्या गावात असं होतं का?