मिलिंद मुळीकांची जलरंगातली निसर्गचित्रं बघायची कशी?

राजवाडा_चौक (प्रश्न)

मिलिंद मुळीकांची वाड्यांची, गल्ल्यांची, पावसाळी रस्त्यांची चित्रं पुस्तकात आणि इंटरनेटवर भरपूर बघितली आहेत. "वा, काय ऊन पाडलंय!" यापुढे मात्र गाडी जात नाही. तीन गोष्टी हव्या आहेत.

एक, जाणकार माणूस असं चित्र वाचतो कसं? नजर आधी कुठे नेतो, मग कुठे?

दोन, तोच सोपेपणा आपल्या इंदूरच्या राजवाड्याच्या किंवा कृष्णपुरा छत्र्यांच्या (होळकरांच्या स्मारकांच्या) चित्रात आणायला गेलं की रंग मळका का होतो? कागद ३०० जीएसएमचा कोल्ड प्रेस (थोडा खरबरीत), रंग विद्यार्थी दर्जाचे.

तीन, कुणाचंही मूळ जलरंग चित्र विकत घ्यायचं तर ते छापील नाही हे ओळखायचं कसं, आणि इंदूरच्या हवेत टिकवायचं कसं?

"रियाझ करा, आपोआप कळेल" असं कृपया कुणी लिहू नका.

ओली_कडा

पहिल्या प्रश्नाचं घेतो. जलरंग चित्र ज्या क्रमाने वाळत गेलं, त्याच क्रमाने वाचायचं. तैलरंगात जाड थर देऊन आधीचं झाकता येतं. पारदर्शक जलरंगात ती सोय नाही: फिकट आधी, गडद शेवटी, आणि पांढरं म्हणजे न रंगवलेला कागद. त्यामुळे कोणता निर्णय कधी घेतला हे चित्रावर उघडं राहतं.

आधी लांब जा. दहा-बारा फुटांवर उभं राहून डोळे बारीक करा. मोबाइलवर असेल तर चित्र अंगठ्याएवढं करा. खिडक्या, कौलं, माणसं विरघळतात आणि तीनच टोन उरतात: उजेड, मधला, गडद. मुळीकांची खरी ताकद इथे आहे, ब्रशची सफाई त्यानंतर. गल्लीचं एखादं चित्र घ्या. सावलीतली भिंत, तिच्या खालचा ओटा आणि रस्त्यावर पडलेली सावली, हे सगळं मिळून एकच सलग आकार असतो. उजेडाचंही तसंच: आकाश, समोरच्या छपराची कड, रस्त्यावरचा उन्हाचा पट्टा कुठे ना कुठे एकमेकांना टेकलेले. नवशिका भिंत वेगळी, ओटा वेगळा, सावली वेगळी रंगवतो, कारण त्याला वस्तू दिसतात. मग चित्राचे तुकडे पडतात, प्रत्येक तुकडा नीट असूनही.

आता जवळ या आणि त्या सावलीतच शिरा. ती एका दमात उतरवलेली आहे, पण एका रंगाची नाही. वर निळसर, खाली जमिनीजवळ तांबूस, कारण उन्हातल्या रस्त्यावरचा प्रकाश उसळून भिंतीच्या पायथ्याशी येतो. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, ओला असतानाच त्यात दुसरा रंग सोडलेला असतो, म्हणून निळा कुठे संपला आणि तांबडा कुठे सुरू झाला ते बोट ठेवून दाखवता येत नाही. तुम्ही ज्याला "ऊन" म्हणता ते उन्हाच्या भागात शोधू नका. तिथे बहुतेक वेळा कोरा कागद आणि पिवळसर पाण्याचा हलका हात, एवढंच असतं. ऊन या सावलीने पाडलेलं असतं.

मग कडा बघा. कोरड्या कागदावरची कड धारदार येते, ओल्यावरची विरघळते, आणि खरबरीत कागदावर ब्रश आडवा ओढला की तुटक येते. सगळ्यात धारदार कड आणि सगळ्यात जास्त टोनफरक एकाच जागी आले की नजर तिथे जाणारच. ती जागा शोधा आणि बाकीच्या कडा तिथून दूर जाताना कशा सैल सोडल्या आहेत ते पाहा. एकाच खिडकीच्या चार कडांपैकी दोन हरवलेल्या सापडतील.

माणसांवर थोडं थांबा. डोकं म्हणजे ठिपका, धड म्हणजे एक फटकारा, पाय खाली निमुळते, पावलं जवळजवळ नाहीतच. तरी ती चालतात, कारण जागा बरोबर आहे. सपाट रस्त्यावर उभं राहून बघितलं तर जवळच्या आणि लांबच्या माणसांची डोकी साधारण एकाच रेषेत येतात, लांबच्याची फक्त पावलं वर सरकतात. ओल्या रस्त्याचं प्रतिबिंब असंच तपासायचं: ते सरळ खाली उतरतं, आणि त्यात गडद वस्तू जरा फिकट, फिकट वस्तू जरा गडद दिसते. ही गणितं चुकली की कितीही झोकदार ब्रश असो, माणूस तरंगतो.

मुळीक शिक्षणाने इंजिनिअर, आणि वडील प्रताप मुळीक अमर चित्र कथेचे नावाजलेले चित्रकार. रेखाटनाचा पाया किती पक्का आहे ते यावरून लक्षात यावं. सैलपणा रंगात आहे, आराखड्यात नाही.

कोरडा_ब्रश

मळकेपणाची कारणं वेगवेगळी असतात, त्यामुळे औषधही एक नाही.

पहिलं म्हणजे ओल ओळखता न येणं. कागद तिरका धरून चमक बघा. पाणी तरंगत असेल तर रंग स्वतःहून पसरतो. नुसती चकाकी असेल तर तो मऊ कडेने थोडाच पसरतो. चमक गेली पण बोटांची मागची बाजू टेकवल्यावर कागद गार लागतोय, ही सगळ्यात वाईट अवस्था. इथे हात लावायचाच नाही. पूर्ण सुकला की पुन्हा मोकळीक. लोक नेमके तिसऱ्या अवस्थेत "जरा नीट करायला" जातात. अर्धवट बसलेला रंग उचकटतो, वरचा त्यात मिसळतो, आणि तो चिखल.

वॉशमध्ये कॉलीफ्लॉवरसारखे दातेरी डाग पडतात त्याचंही मूळ हेच. ओलसर वॉशवर त्याहून जास्त पाण्याचा ब्रश टेकला की नवं पाणी बाहेर सरकताना रंगाचे कण ढकलत नेतं आणि कडेला दातेरी रेघ करून सोडतं. म्हणून दुसऱ्या खेपेला ब्रशमधलं पाणी कागदावरच्या पाण्यापेक्षा कमी हवं. ब्रश बुडवल्यावर जुन्या सुती फडक्याला टेकवायचा, मग कागदाला.

दुसरं, मिश्रण पातळ. जलरंग वाळला की फिकट होतो. ओला असताना बरोबर वाटला तर वाळल्यावर कमी पडणार. मग त्यावर दुसरा हात, तिसरा हात, आणि पारदर्शकता गेली. ओला असताना एक पायरी जास्तच गडद दिसला पाहिजे, आणि सावली शक्यतो एकाच हातात.

तिसरं, सामान. ३०० जीएसएम हे फक्त वजन आहे. पाकिटावर शंभर टक्के कॉटन लिहिलंय का ते बघा. लाकडी लगद्याच्या कागदावर रंग वरच राहतो आणि दुसऱ्या वॉशला खालचा उठतो. तुमचा दोष निम्मा तिथेच असू शकतो. पैसे मोजकेच असतील तर आधी कागद बदला, मग रंग, ब्रश सगळ्यात शेवटी. रंगही ढीगभर नकोत. अल्ट्रामरीन (गडद निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ओकर (मातकट पिवळा), सेरुलियन (आकाशी निळा) आणि एक टिकाऊ गडद लाल एवढ्यात इंदूर होतं. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना घट्ट घेतले तर जवळजवळ काळा मिळतो, पाणी वाढवलं की दाणेदार करडा. निळा जास्त तर गार सावली, सिएना जास्त तर उबदार. ट्यूबमधला तयार काळा लागतच नाही. ओकर आणि सेरुलियन तुलनेने अपारदर्शक आहेत, सावलीत वरून लावले की राख फासल्यासारखं दिसतं. ते आकाशात आणि उन्हाच्या बाजूला ठेवा.

आता इंदूरची हवा. मे महिन्यात पारा चाळिशीपार आणि हवा ठणठणीत कोरडी, त्यामुळे आकाश अर्ध्यावर आणेपर्यंत वरची कड सुकलेली असते. पावसाळी हवेत केलेल्या चित्रासारखी विरघळणारी आकाशं इथे उन्हाळ्यात त्याच पद्धतीने येत नाहीत, यात हाताचा दोष नाही. कागद दोन्ही बाजूंनी भिजवून अॅक्रिलिकच्या शीटवर पसरा, खालची ओल बराच वेळ पुरते. आकार ११ × १५ इंच, म्हणजे फुल शीटचा चौथा हिस्सा, त्याहून मोठा नको. बोर्डाची वरची बाजू थोडी उचलून उतार द्या, म्हणजे वॉशच्या खालच्या कडेला पाण्याचा मणी साठतो; तो मणी सुकू न देता खाली ओढत न्यायचा. ब्रश तुम्हाला वाटतो त्याच्या दुप्पट मोठा, मॉप (भरपूर पाणी धरणारा जाड, मऊ ब्रश) असेल तर उत्तम. पेलाभर पाण्यात ग्लिसरीनचे दोन-चार थेंब टाकले तर सुकणं लांबतं, जास्त झाले तर चित्र चिकट राहतं. पावसाळ्यात ग्लिसरीन बंद, उलट वाट बघायची तयारी ठेवा.

राजवाड्याबद्दल एकच सांगतो. सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. मजले मोजून खिडक्या भरायला बसलात तर आर्किटेक्टचा नकाशा होतो. लाकडी भाग आधी एका गडद-उबदार आकारात उतरवा, तो सुकल्यावर त्याहून गडद डागांनी मोजक्या खिडक्या, त्याही उजेडाच्या कडेजवळ. बाकीच्या बघणारा स्वतः भरून घेतो.

छत्र्यांना वेगळी युक्ती लागते. शिखर उजळ आकाशावर गडद येतं, तेच खाली झाडांच्या किंवा पलीकडच्या घरांच्या सावलीवर उजळ. एकाच इमारतीचा टोन मध्येच उलटतो, आणि तो जिथे उलटतो तिथली कड हरवू द्यायची.

फतेहगंज_बडोदा

थोडा विरोधी सूर लावतो. हे सगळं कसब आहे, मान्य. पण वाडा, ऊन, पाऊस, सायकलवाला असं हमखास आवडणारं चित्र परत परत काढणं आणि समकालीन चित्रकला यांत फरक आहे. इथे बडोद्याच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीत असल्या चित्रांना पोस्टकार्ड म्हणतील.

ओली_कडा

@फतेहगंज_बडोदा, म्हणतील खरं. विषय ओळखीचे आहेत आणि गोड वाटण्याचा धोका आहे, हेही खरं. पण तुमच्याच फॅकल्टीच्या सुरुवातीच्या काळात चित्रकला शिकवणारे चित्रकार ना. श्री. बेंद्रे आमच्या इंदूरचे, जन्म १९१०. देवळालीकरांच्या इंदूरच्या चित्रकला शाळेत तयार झाले, आणि त्या शाळेचा भर बाहेर जाऊन, ऊन-सावली समोर ठेवून रंगवण्यावर होता. एम. एफ. हुसेनही तिथेच शिकले. बेंद्रे पुढे अमूर्ताकडे गेले, आणखी पुढे ठिपक्यांच्या शैलीकडे, पण रंगाचं तापमान (उबदार की गार) सांभाळायची सवय त्याच निसर्गचित्रांतली. तेव्हा पोस्टकार्ड ठरवायचं तर विषयावरून नको. चित्र उलटं धरा. वाडा ओळखू येत नाही तेव्हाही आकार एकमेकांना धरून आहेत का? मुळीकांच्या चांगल्या चित्रांत आहेत. सगळ्याच चित्रांत तितकेच आहेत असं मीही म्हणणार नाही. फुलांनी भरलेल्या दारांपेक्षा मला त्यांचे ओले रस्ते नेहमी सरस वाटतात.

फतेहगंज_बडोदा

उलटं धरायचा मुद्दा पटला. बाकी आपलं भांडण चालू राहू दे.

पासपार्तू

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर.

मूळ की छापील ते दहा पट मोठं दाखवणाऱ्या भिंगाने कळतं. ऑफसेट छपाईत निळ्या, गुलाबी, पिवळ्या, काळ्या ठिपक्यांची ठरावीक नक्षी दिसते. चांगल्या इंकजेट प्रिंटमध्ये नक्षी नसते, पण बारीक फवारा दिसतो, आणि तो कागदाच्या उंचवट्यावर नि खळग्यात सारखाच बसलेला असतो. मूळ चित्रात अल्ट्रामरीनसारख्या रंगाचे कण खळग्यात साचलेले असतात. वॉशच्या कडेला जरा गडद रेघ, रंगाखाली पेन्सिल, कडेला टेप काढल्याची पांढरी पट्टी, कागदाला हलकी लाट, हेही बघा. फक्त पेन्सिलवर विसंबू नका, ती छापतातही. भिंगाखाली तिच्यात ग्रॅफाइटची चमक हवी. इंकजेट प्रिंट कॉटन कागदावरही काढतात, त्यामुळे कागद चांगला म्हणजे चित्र मूळ असं होत नाही.

विकत घेताना कोणते रंग वापरलेत ते विचारा, चित्रकाराला राग येत नाही. पारंपरिक अलिझरिन क्रिमझन हा गडद लाल (ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक पीआर ८३) उजेडात उडतो. झगमगीत गुलाबीही बहुतेक उडतात. आज जांभळी दिसणारी सावली काही वर्षांनी नुसती निळी होते आणि चित्राचा सगळा तोल जातो.

फ्रेमवाल्याला तीन गोष्टी ठणकावून सांगा. माउंट आणि मागचा बोर्ड आम्लमुक्त. चित्र सेलोटेपने किंवा फेव्हिकॉलने चिकटवायचं नाही, फक्त वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या, खळ गव्हाच्या स्टार्चची. आणि काच चित्राला टेकता कामा नये, नाहीतर आत दमटपणा साचून बुरशी धरते. कटाई करताना चित्राची कड कापू देऊ नका, हे वेगळं सांगावं लागतं कारण विचारल्याशिवाय कापतात.

जागा निवडताना थेट ऊन टाळा. कागदावरच्या चित्रांसाठी संग्रहालयं साधारण ५० लक्स उजेड ठेवतात, घरात तितकं जमत नाही, पण खिडकीसमोरची भिंत नको एवढं तर जमेल. पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंत नको. दुसरी नसेल तर फ्रेमच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना कॉर्कचे तुकडे लावा, हवा खेळते.

आणि आपल्याकडचा खास शत्रू म्हणजे कूलर. बाहेर कोरडं असलं तरी कूलरच्या झोतात हवा ओली असते. दिवसभर ओली आणि बंद केला की खडखडीत कोरडी, असं रोज झालं तर कागद फुगतो-आकसतो आणि लाटा कायमच्या बसतात. झोतासमोरची भिंत मोकळी ठेवा.

राजवाडा_चौक

भरपूर मिळालं, तिघांचेही आभार. बडोद्याचेही. एकच राहिलं: विजेच्या तारा आणि केसांवरची उन्हाची कड काही चित्रांत सरळ पांढऱ्या रंगाने काढलेली दिसते. पांढरं म्हणजे कागद म्हणालात, मग ही चोरी नाही का?

कोरडा_ब्रश

चोरी कसली! टर्नर आणि सार्जंट दोघांनीही जलरंगात अपारदर्शक पांढरा वापरला आहे. प्रश्न किती वापरला एवढाच. तार, सायकलचं चाक, पाठीमागून ऊन आलेली खांद्याची कड अशा बारीक जागा राखून वॉश मारायला गेलं तर वॉशचा ओघ तुटतो, म्हणून शेवटी गौशचा (अपारदर्शक जलरंगाचा) पांढरा, जवळजवळ न पातळ करता, रिगर म्हणजे लांब केसांच्या बारीक ब्रशने, खालचं पूर्ण सुकल्यावर. त्यात कणभर यलो ओकर मिसळा, निव्वळ पांढरा खडूसारखा थंड दिसतो. भिंतीएवढी जागा पांढऱ्याने परत मिळवावी लागली असेल, तर ती चित्र सुरू करण्याआधीच गेलेली होती.